क्लचप्लेटीवरचे तूप

इब्राहिमभाई मिस्त्रींची आणि माझी पहिली भेट ठरल्या दिवसापासून तिसऱ्या दिवशी झाली. ठरल्या दिवशी मी सकाळपासून ओट्यावर बसून रस्त्याकडे बघत होते. दुसऱ्या दिवशी बघत नव्हते, पण कान तिकडेच होते. तिसऱ्या दिवशी दुपारी नगरहून येणाऱ्या मोटारीतून एक उंच, किंचित वाकलेले गृहस्थ उतरले. हत्यारांची गोणपाटाची पिशवी त्यांनी आमच्या अंगणात ठेवली, बंद पडलेल्या ट्रॅक्टरभोवती सावकाश एक फेरी मारली आणि मला विचारले, "बाई, ह्येला आंघोळ कदी घातली हुती?"

मी म्हटले, ट्रॅक्टरला आम्ही आंघोळ घालत नाही, त्याने नांगरतो.

"मंग आज घालू," ते म्हणाले, आणि बादली मागितली.

हा ट्रॅक्टर माझ्या यजमानांनी शेजारच्या रामभाऊ पाटलांच्या भागीत घेतला होता. लढाई संपून यंत्रे पुन्हा मिळू लागली होती आणि पाटाच्या पाण्यावर ऊस करणाऱ्या राहुरीकडच्या बागाईतदारांत त्या वेळी ट्रॅक्टरची हवा होती. आमचा काही फार मोठा नव्हता. मध्यम ताकदीचा, पेट्रोलवर सुरू करून मग रॉकेलवर चालवायचा, पुढून हँडल मारायचा. तो आला आणि त्याच वर्षी यजमान गेले. मागे राहिली मी, रान, आणि अंगणात उभे असलेले हे लोखंडी जनावर, जे माझ्याकडे बघून सुरू होत नव्हते.

त्या दिवशी इब्राहिमभाईंनी संध्याकाळपर्यंत ट्रॅक्टर धुतला. चिखलाची एकेक खपली काडीने काढली. मी तीनदा जाऊन विचारले, की बिघाड काय आहे. तिन्ही वेळा ते म्हणाले, "उघडल्यावर कळंल." अखेर त्यांनी टाकीच्या तोटीखालची काचेची वाटी उघडली, तर तिच्यात रॉकेल कमी आणि कडब्याचा भुसा जास्त. आमचे रॉकेलचे पिंप उघडेच असायचे, त्यात लोटा बुडवून आम्ही टाकी भरत होतो. वाटी साफ व्हायला पाच मिनिटे लागली. पण पिंपाच्या तोंडाला चौपदरी फडके बांधून होईपर्यंत त्यांनी हँडलला हात लावला नाही. मी माझे एक जुने पातळ फाडून दिले. ट्रॅक्टर पहिल्या झटक्याला सुरू झाला. त्यांनी एकही नवा भाग घातला नव्हता, आणि मला एकदाही समजावून सांगितले नव्हते. पिशवी उचलून ते मोटारीच्या रस्त्याकडे चालू लागले तेव्हा मी इतकी दमले होते, की आभार मानायचे राहून गेले.

इब्राहिमभाईंच्या साठीनिमित्त निघणाऱ्या या गौरवग्रंथात इतर मंडळी त्यांचे गुण सांगतील. मीही सांगणार आहे. पण ज्यांनी ज्यांनी आपले यंत्र त्यांच्या हाती दिले आहे, त्यांना हे गुण प्रथम कसे भेटले ते ठाऊक आहे. ते वैताग होऊन भेटतात. मला त्यांच्याविषयी जो आदर आहे तो सगळा वैतागाच्या वाटेने आलेला आहे, आणि ती वाट टाळून मला त्यांच्यावर लिहिता येणार नाही.

इब्राहिमभाईंचे तरुणपण नगरच्या लष्करी तळावर गाड्यांच्या दुरुस्तीत गेले. तिथून बाहेर पडल्यावर त्यांनी शहराच्या वेशीबाहेर एक पत्र्याची शेड घातली. पाण्याची इंजिने, रसाचे चरक, आणि पुढे ट्रॅक्टर, असे सगळे तिथे येऊ लागले. पण त्यांचे खरे काम दुरुस्तीचे नाही, असे तेच सांगतात. बिघडल्यावर बोलावणारा माणूस त्यांना आवडत नाही. महिन्यातून एक फेरी ते पाटावरच्या गावांतून मारतात, कुणी बोलावलेले नसताना. इंजिनचे तेल काढून बोटांत चोळून बघतात, रेडिएटरच्या जाळीतली पाती उपसतात, ग्रीस कुठे पोहोचले नाही ते हुडकतात. आणि मालकाला प्रश्न विचारतात. हा भाग सर्वांत कठीण.

एकदा मी रामभाऊ पाटलांच्या अंगणात होते. ट्रॅक्टर त्या आठवड्यात त्यांच्याकडे होता. इंजिनात जाणारी हवा ज्या तेलाच्या भांड्यातून गाळून जाते, त्या भांड्यातले तेल धुळीच्या दिवसांत वरचेवर बदलावे लागते. इब्राहिमभाईंनी विचारले, "पाटील, हवेच्या भांड्यातलं त्याल कदी बदललं?"

"परवाच की," रामभाऊ म्हणाले.

इब्राहिमभाईंनी भांडे काढले, तर्जनी आत बुडवली आणि बाहेर काढली. बोटावर तेल नव्हते, काळा गाळ होता, आपण गणपतीला माती मळतो तसा. त्यांनी ते बोट रामभाऊंच्या खांद्यावरच्या उपरण्याला पुसले आणि पुढच्या कामाला लागले.

"अवो, धुतलेलं हुतं त्ये," रामभाऊ म्हणाले.

"परवाच?" इब्राहिमभाईंनी विचारले.

रामभाऊ पाटील हे आमच्या गावातले मानाचे माणूस. दुसऱ्या कुणी असे केले असते तर काय झाले असते सांगवत नाही. रामभाऊंनी फक्त उपरणे काढून उलटे पांघरले.

इब्राहिमभाईंच्या मायेची रीतही अशीच आडवळणाची. गेल्या वर्षी मला हिवतापाने धरले होते. अंगात कणकण, डोक्यात घण. इब्राहिमभाई फेरीवर आले, मी आजारी आहे असे त्यांना कळले, आणि ते ओट्यावर येऊन बसले. बराच वेळ बसले. मी आतून ऐकत होते, की आता चौकशी करतील, मग करतील. शेवटी उठताना दाराशी येऊन म्हणाले, "टॅक्टर ठीक हाय, बाई." आणि गेले. मला हसावे की रडावे ते कळेना. मी आजारी आणि हे ट्रॅक्टरच्या तब्येतीची बातमी देऊन गेले.

मग चार-पाच दिवसांनी माझ्या लक्षात आले, की अंगणात ट्रॅक्टर सुरू झाल्याचा आवाज येत नाही. ड्रायव्हर दगडूला विचारले. दगडू पाथर्डीकडचा, कमी बोलणारा. तो म्हणाला, "मिस्त्रींनी सांगितलंय, बाईंचं डोस्कं दुखतंय तवर अंगनात इंजान लावायचं न्हाई. आमी बैल जुपून टॅक्टर वढत शिवेपातुर नेतो आन् तिथं चालू करतो." रोज सकाळी दोन बैल ट्रॅक्टरला ओढत नेत होते आणि सारा गाव उभा राहून बघत होता. मला त्यातले काही माहीत नव्हते.

आता ज्या प्रसंगासाठी मी हा लेख लिहायला कबूल झाले, तो सांगते.

यजमान गेल्यावर माझे धाकटे दीर, भाऊसाहेब, रान आपल्याकडे मागत होते. ते वाईट नाहीत. बाईमाणसाने पाटाच्या पाण्याच्या पाळीसाठी रात्री-बेरात्री बांधावर उभे राहावे हे त्यांना खरोखरच बघवत नव्हते. मी शेती करायला लागले तर लोक आपल्याला नावे ठेवतील, हेही त्यांना बघवत नव्हते. दोन्ही खरे. शेवटी त्यांनी रामभाऊंच्या देखत मला एक बोली घातली. "वहिनी, दसऱ्याच्या सुमाराला पाटाची पाळी येईल. तोवर चार एकर उसाचं रान नांगरून, सरी पाडून तुमच्या हातून तयार झालं, तर मी पुन्हा हा विषय काढणार नाही. नाही झालं, तर रान माझ्याकडं द्यायचं आणि तुम्ही घरी बसून सुखानं लिहायचं."

मी हो म्हटले. लिहिणे मला आवडते, पण ते घरी बसून सुखाने करायचे काम आहे असे मला कधी वाटले नाही. आणि रान हातात नसेल तर मी लिहिणार कशावर, हे भाऊजींना सांगण्यात अर्थ नव्हता.

पोळा झाला. त्यानंतर भाद्रपदात पाऊस असा लागला, की ट्रॅक्टर गोठ्याच्या पडवीत उभाच राहिला. पाऊस उघडून रानाला वाफसा आला तेव्हा पाळीला जेमतेम आठवडा उरला होता. दगडूने सकाळी ट्रॅक्टर सुरू केला, नांगर लावला, गियर टाकला आणि क्लच सोडला. इंजिन ओरडायला लागले आणि चाके जागची हलेनात. धूर निघाला, आणि धुराला एक वास होता, जो मला ओळखीचा वाटला पण तिथे असायला नको होता. लग्नघरी मागच्या अंगणात येतो तसा.

दगडू म्हणाला, "क्लच सरकतोय."

क्लच म्हणजे काय हे तोवर मी शिकले होते. इंजिनाच्या चाकावर एक तबकडी घट्ट दाबून बसते आणि इंजिनाचे बळ मागच्या चाकांना देते. ती कोरडी असली पाहिजे. तिची पकड गेली, की इंजिन नुसते ओरडते.

नगरला निरोप धाडला. या वेळी इब्राहिमभाई दुसऱ्याच दिवशी आले, त्यामुळे मी जरा आशेने त्यांच्यापुढे गेले. म्हटले, पाळी आली आहे, रान तयार नाही, भाऊजींची बोली अशी अशी आहे. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"आदी धुवू," ते म्हणाले.

"इब्राहिमभाई, धुवायला वेळ नाही."

"मंग उघडायला बी न्हाई."

धुतला. पडवीत उभा राहिलेला ट्रॅक्टर, त्याला काय चिखल लागणार होता, तरी धुतला. मग त्यांनी दगडूला समोर उभे केले. "काय केलं हुतं?"

"काय न्हाई केलं."

"समदे ह्येच म्हनत्यात. क्लचवर पाय ठिऊन चालवतोस का?"

"न्हाई, मिस्त्री. आईची शपथ."

"आईला मधी आनू नगंस. तिनं कुटं चालवलाय."

क्लचपर्यंत पोचायचे तर ट्रॅक्टर मधोमध दुभागावा लागतो. पुढचे इंजिन एकीकडे, मागचे धड एकीकडे. इंजिनाखाली लाकडी ओंडके रचले, जॅक लावला, एकेक बोल्ट सैल केला. प्रत्येक बोल्ट ज्या भोकातला त्याच भोकात पुन्हा गेला पाहिजे म्हणून इब्राहिमभाई पांढऱ्या धोतराचे पान अंथरून त्यावर बोल्ट तशाच गोलाकारात मांडतात. ते पान कुणी ओलांडायचे नाही. आमच्या अंगणातून मागच्या दाराला जायची वाट तिथूनच होती, म्हणून दोन दिवस आम्ही सगळे घराला वळसा घालून जात होतो. मीसुद्धा. एकदा घाईत माझा पाय पानाच्या काठावर पडला, तर त्यांनी माझ्याकडे असे पाहिले, की मी चपला काढून ठेवल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी मागचे धड ओढून वेगळे केले. तबकडी बाहेर आली. ती पिवळीधमक होती आणि चकाकत होती. इब्राहिमभाईंनी ती नाकाशी नेली. मग दगडूच्या नाकाशी नेली.

"तूप," दगडू म्हणाला. "आन् हळद."

अंगणात रामभाऊंसह आठ-दहा माणसे जमली होती. कुणाला काही कळेना. मग गोठ्याच्या कुडाशी उभा असलेला आमचा म्हातारा बैलांचा गडी, सखोबा, पुढे आला. हा माझ्या सासऱ्यांच्या वेळेपासूनचा माणूस.

"म्या लावलंय," तो म्हणाला. "खांदेमळनीला."

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांच्या खांद्यांना तूप-हळद लावून ते मळतात, आणि दुसऱ्या दिवशीचे आवतण देतात. वर्षभर जू वाहून सोललेल्या खांद्याला तेवढाच आराम. सखोबाने आमच्या दोन बैलांचे खांदे मळले. मग त्याच्या मनात आले असणार, की औंदा नांगरट तर या तिसऱ्याने केली. इंजिन आणि मागचे धड जिथे जोडलेले असते तिथे बाजूला एक पंजाएवढी खिडकी असते, वर पत्र्याचे झाकण. दगडूला ती उघडताना सखोबाने पाहिले होते. डोके आणि पाठ यांच्यामधली जागा, म्हणजे खांदाच. झाकण काढून त्याने आत हात घातला आणि मनापासून मळले.

"किती लावलं?" इब्राहिमभाईंनी विचारले.

"वाटीभर."

"कसलं?"

"गाईचं. घरचं."

"गाईचं लावलं?"

"मंग काय वनस्पतीचा डबा उघडू?" सखोबा म्हणाला. "सनाचा दिस. त्यानं बी वरीसभर वढलंय."

सगळे हसायला लागले. रामभाऊंना तर ठसका लागला. कुणीतरी म्हणाले, "सखोबा, पुरनपोळी बी चारली का?" सखोबा खाली बघत उभा राहिला. तेव्हा मला हसू आले नाही. मला चार एकर रान दिसत होते, आणि ते हातातून जाताना दिसत होते. सखोबावर चिडावे एवढेही बळ माझ्यात नव्हते.

इब्राहिमभाई हसले नाहीत. त्यांनी रामभाऊंना विचारले, "पाटील, तुमी कदी ह्येला हात लावला?"

रामभाऊंनी उपरणे सावरले.

"दगडूला पगार हाय म्हनून त्यो हात लावतो. मी मिस्त्री म्हनून लावतो. ह्यो एकटाच काम नसताना त्याच्यापाशी गेला. हसू नगा."

इथपर्यंत मलाही ते आवडले. पण याच्यापुढे त्यांनी जे केले ते ऐका. तबकडी पेट्रोलने धुवायची, उन्हात वाळवायची, काचकागदाने खरवडायची आणि परत बसवायची, एवढे काम होते. नवी तबकडी मुंबईहून यायला महिना गेला असता. पेट्रोल रेशनवरचे, तरी रामभाऊंनी आणि मी मिळून जमवले. इब्राहिमभाईंनी सखोबाला धोतराच्या पानाशेजारी बसवले आणि म्हणाले, "तूच लावलंस, तूच धू." सखोबा एकच जागा पुन्हा पुन्हा पुसत होता. तो एका तबकडीला जेवढा वेळ लावत होता तेवढ्यात दगडूने तीन धुतल्या असत्या. मी दोनदा तसे बोलून दाखवले. इब्राहिमभाईंना ऐकू गेले नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी तबकडी वाळत घातली, आणि इब्राहिमभाईंनी सखोबाला ट्रॅक्टर शिकवायला सुरुवात केली. चालवायला नाही. वंगण करायला. पुढच्या चाकाच्या खुंट्यापाशी नेऊन त्याचा हात ग्रीसच्या बोंडावर ठेवायचे. "हितं पायजे. ग्रीस, तूप न्हाई. भाईर जरा आलं की बस." मग दुसऱ्या चाकाकडे. मग सुकाणूच्या सांध्याकडे. मग पंख्याच्या मागे. मग क्लचच्या त्या खिडकीपाशी. "हितं न्हाई. हितं कोरडंच. बैलाच्या डोळ्यात तूप घालशील का?"

"न्हाई."

"मंग ह्यो त्याचा डोळा समज. हितं कदीच न्हाई."

सखोबा प्रत्येक जागेला हात लावून पुन्हा म्हणायचा. एखादी चुकली, की इब्राहिमभाई पहिल्यापासून सुरू करायचे. आमच्या ट्रॅक्टरला वंगणाच्या किती जागा आहेत हे मला त्या दिवशी कळले, आणि पुन्हा कधी कळायची इच्छा नाही. ऊन वर आले, तबकडी वाळून खडखडीत झाली, दगडू हातात पाना घेऊन बसून राहिला, पाटावरून पाणी सुटल्याची बातमी आली, आणि हे दोघे म्हातारे ट्रॅक्टरच्या दोन तुकड्यांभोवती फिरत होते, जणू देवळात प्रदक्षिणा घालताहेत.

"इब्राहिमभाई," मी शेवटी म्हटले, "हे नंतर शिकवता येणार नाही का?"

"नंतर मी हितं नसतो, बाई."

"पण माझं रान जाईल हो."

ते थांबले. माझ्याकडे नीट बघितले. "रान कुटं जातंय," ते म्हणाले आणि सखोबाला घेऊन मागच्या चाकाकडे गेले.

मी स्वयंपाकघरात जाऊन बसले. माझ्या डोळ्यांत पाणी आले ते रागाचे होते, एवढे मला नक्की आठवते. अजूनही मला वाटते, की तो धडा एक दिवस पुढे ढकलता आला असता. त्यांचा गौरव करण्याच्या भरात हे मत बदलायचे मला कारण दिसत नाही. पण एवढे मात्र खरे, की त्या दिवशी तो धडा झाला नसता तर सखोबा आमच्या गावात तुपाची गोष्ट होऊन राहिला असता. पुढल्या पोळ्यापर्यंत पोरांनी त्याला जगू दिले नसते. आज तो वंगणाचा माणूस आहे. ग्रीसचा डबा त्याच्या खाटेखाली असतो आणि दगडूलाही तो मागून घ्यावा लागतो.

त्या संध्याकाळी ट्रॅक्टर जोडला. तिसऱ्या प्रहरापासून अंधार पडेपर्यंत बोल्ट चालले होते. चौथ्या दिवशी सकाळी नांगर लावून रानात नेला. चाके फिरली, फाळ जमिनीत गेला, काळी ढेकळे उलटायला लागली. मी बांधावर हात जोडून उभी होते. इब्राहिमभाई ट्रॅक्टरच्या बाजूने चालत होते, कान इंजिनाकडे. दोन एकर झाले असतील. त्यांनी हात वर करून दगडूला थांबवले.

"जरा सरकतोय," ते म्हणाले.

"चालतोय की," दगडू म्हणाला.

"चालतोय. वढत न्हाई."

मला काहीच फरक दिसत नव्हता. दगडूलाही दिसत नव्हता. मी म्हटले, "इब्राहिमभाई, आजचा दिवस राहू द्या. पाळी होऊन जाऊ द्या, मग हवं तितकं उघडा."

"आज ठिवला तर उद्या जळंल. मंग मुंबईची वाट बघा."

ट्रॅक्टर बैलांनी ओढत अंगणात आणला, दुभागला, तबकडी काढली. कडेच्या रिव्हिटांच्या खोबणीत हळदीचा गाळ राहिला होता, नखाने काढावा एवढा. त्यांनी तो मला दाखवलाही नाही. खरवडायला बसले. आणि संध्याकाळी पाटाला पाणी आले.

नांगरलेल्या दोन एकरांत बैलांनी सरी पाडून घेतली होती, तिथे पाणी फिरले. सखोबा आणि मी खांद्यावर खोरे घेऊन बारे देत, एकेका सरीत पाणी वळवत होतो. उरलेले दोन एकर तसेच कोरडे उभे होते.

पाळी उतरली तेव्हा भाऊसाहेब आले. सायकल बांधाला टेकवून त्यांनी रानावर नजर टाकली. एवढे बरे, की त्यांच्या चेहऱ्यावर आनंद नव्हता.

"वहिनी," ते म्हणाले, "ठरलं होतं आपलं."

"ठरलं होतं, भाऊजी," मी म्हटले. मी शब्द दिला होता आणि तो मोडायचा नव्हता.

जोडून पुन्हा बांधाशी आणलेल्या ट्रॅक्टरखाली पाठीवर निजलेले इब्राहिमभाई बाहेर आले. फडक्याला हात पुसत त्यांनी विचारले, "दोन एकर राह्यले म्हनून बाईंचं रान जानार?"

"तसं ठरलंय, मिस्त्री. तुम्ही मध्ये पडू नका."

"मी मधीच हाय. राह्यलं ते माज्यामुळं राह्यलं. क्लचचं काम दोन दिसाचं हुतं. मी चार लावले."

"का लावले?"

"माजी रीत हाय."

भाऊसाहेबांचा चेहरा पालटला. "रीत," ते म्हणाले. "माझं पाण्याचं इंजिन अख्खा चैत्र तुमच्या शेडीत पडून होतं, ह्याच रीतीपायी. विहिरीत पाणी, वर इंजिन नाही. लिंबाची बाग माझ्या डोळ्यांदेखत वाळली."

"आता चालतंय का?"

"चालतंय."

"मंग?"

"मग काय मग? चैत्रात नव्हतं ना चालत."

"त्ये बी माज्यामुळंच," इब्राहिमभाई म्हणाले. "मी सांगतो की कुनाला बी. पर तवा तुमचं रान कुनी मागितलं न्हाई."

भाऊसाहेबांनी रामभाऊंकडे पाहिले. रामभाऊ पाटील पाटाच्या कडेला उभे होते, त्यांनी मान दुसरीकडे वळवली. पाटावरचा एकही बागाईतदार असा नव्हता, ज्याचे कुठले ना कुठले काम या माणसापायी रखडले नव्हते. त्या न्यायाने आम्हा सगळ्यांचीच राने गेली असती, आणि भाऊसाहेबांचे पहिले.

त्यांनी सायकल उचलली. "वहिनी, पुढची पाळी कधी आहे बघून ठेवा," ते म्हणाले. "आणि ह्यांना तोवर नगरला पाठवा."

पुढच्या पाळीला उरलेल्या दोन एकरांत उसाच्या कांड्या पडल्या. भाऊजींनी तो विषय पुन्हा काढला नाही. बांधावर दिसले, की ते आता मला खताबद्दल विचारतात.

चारचौघांत बोललेल्या त्या एका वाक्याची किंमत इब्राहिमभाईंना मोजावी लागली. मिस्त्री स्वतःच कबूल करतो म्हटल्यावर बोलणारांना जोर आला, आणि त्या हिवाळ्यात दोन-तीन इंजिने त्यांच्या शेडीऐवजी दुसरीकडे गेली. मी एकदा त्यांना म्हटले, की माझ्यासाठी तुम्ही खोटे बोललात. ते खरेच दुखावले.

"खोटं कुटं बोललो, बाई? चार दिस लागले न्हाईत का?"

आपण उपकार केला असे त्यांना वाटतच नव्हते. मोजून सांगितले, इतकेच.

आता त्यांना साठ वर्षे पूर्ण होत आहेत. गुडघे धरतात, ट्रॅक्टरखालून बाहेर येताना दगडूचा हात लागतो, आणि हे कुणी बोलून दाखवलेले त्यांना खपत नाही. त्यांनी बसायला पाट घेऊन काम करावे, थंडीत गार लोखंडावर निजू नये, डोळ्यांना नगरच्या डॉक्टरांकडून चष्मा करून घ्यावा, अशी या निमित्ताने आम्हा सर्वांची विनंती आहे. त्यांनी आजवर कुणाची विनंती ऐकलेली नाही, तरी करून ठेवतो.

हा लेख मी रानाच्या बांधावर बसून पुरा करत आहे. समोर ऊस कमरेएवढा झाला आहे आणि वाऱ्याने हलतो आहे. ज्यांच्यापायी तो अर्धा उशिरा लागला आणि ज्यांच्यापायी तो माझ्या हातात राहिला, त्या इब्राहिमभाईंचे आयुष्य त्यांच्याच हातांच्या गतीने पुढे जावो. कुणाच्या घाईला बळी न पडता, एकही पायरी न गाळता, धडधाकट शरीराने ते शंभरीला पोचोत. आम्ही ओट्यावर बसून वाट बघायला तयार आहोत, आणि वाट बघताना कुरकुर करणार आहोत, तेवढी त्यांनी चालवून घ्यावी.